खात्रीरावांचा कडक पहारा

ऑफिसात त्यांना सगळे खात्रीराव म्हणत. खरं नाव पगाराच्या स्लिपवर होतं, तिथेच राहिलं. घरातून निघताना कुलूप ओढून बघायचं, दोन जिने उतरायचे आणि परत वर जाऊन पुन्हा ओढून बघायचं, असा हा माणूस. बायको जिन्यातच उभी राहून विचारायची, "काय म्हणतंय कुलूप? बरं आहे ना?" त्यावर खात्रीराव अगदी गंभीरपणे सांगायचे, "लागलंय." थट्टा कळत नसे असं नाही, पण विचारलंय तर उत्तर द्यावं, एवढा सरळ हिशेब.

कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करायची. खात्रीरावांच्या वाट्याला टेस्ट आल्या होत्या. टेस्ट म्हणजे प्रोग्रॅमनं काढलेलं उत्तर हव्या त्या उत्तराशी ताडून पाहणारा छोटासा प्रोग्रॅम. जुळलं की पडद्यावर हिरवी खूण, नाही तर लाल. हिरव्या खुणा बघून बाकीची मंडळी निवांत घरी जात. खात्रीराव हिरव्या रंगाकडे जरा संशयानंच बघत.

त्याला कारण घडलं होतं. एका लॅबमध्ये दोन पेशंट बायकांचे रिपोर्ट एकमेकींच्या पाकिटात गेले. नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं, नाही तर एका धडधाकट बाईला नसत्या आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या. दोघींना एकच नंबर पडला होता. चूक हुडकत हुडकत सगळे एका टेस्टपाशी येऊन थांबले. दोन पेशंटचे नंबर एकसारखे नाहीत ना, एवढंच ती बघायची आणि कित्येक वर्षं हिरवीगार होती. का नसेल? एका बाजूचा नंबर आकडा म्हणून ठेवलेला, दुसऱ्या बाजूचा मजकूर म्हणून. आकडा आणि मजकूर यांना संगणक कधीच एकसारखं म्हणत नाही. टेस्ट बिचारी दरवेळी सांगे, "नाहीत हो सारखे, झोपा खुशाल." ती लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता, पण ती तपासून पुढे पाठवली होती खात्रीरावांनी.

तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. ताडून पाहण्याची अशी लायब्ररी, म्हणजे सगळ्यांनी आपापल्या टेस्टमध्ये वापरायचा तयार प्रोग्रॅमचा संच, करायची, की भलत्याशी भलतं जुळवायला गेलं तर प्रोग्रॅम चालूच नये.

यासाठी जेनेरिक नावाची एक सोय असते. 'दोन्ही बाजू एकाच प्रकारच्या हव्यात, मग तो प्रकार कुठलाही असो,' असं त्यात कंपायलरला बजावता येतं. कंपायलर म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधी तो वाचून चुका काढणारा मास्तर. खात्रीरावांना वाटलं, झालं काम! पण हा मास्तर निघाला लग्नं जुळवणाऱ्या चलाख मध्यस्थासारखा. आकडा आणि मजकूर समोर आणून बसवले तर म्हणतो, "दोघंही शेवटी वस्तूच ना? मग एकाच घरातली की!" वर वर चढत कुठला तरी समान पणजोबा शोधायचा आणि हात झटकून मोकळं व्हायचं. बरं, 'यांचं जवळचं नातं नसेल तर नाही म्हण,' असं त्याला सांगावं, तर त्याच्या भाषेत ते सांगायची सोयच नाही.

खात्रीराव हटले नाहीत. आधी डावी वस्तू द्यायची, तिचा प्रकार पक्का करायचा, मग उजवी आत घ्यायची, अशी युक्ती काढली. मध्यस्थाची मधली जागाच गेली. मॅनेजरबाई म्हणाल्या, "वापरून बघू. टीमला झेपली तर सगळ्या कंपनीत लावू." खात्रीरावांच्या चालीत फरक पडला, म्हणे. कॉरिडॉरमधून जाताना मान वर असायची.

पण लगेच ओरड सुरू झाली. टीममध्ये एक तरुण होता, झटपट नावाचा. सगळ्यांच्या आधी काम संपवायचा आणि सगळ्यांच्या आधी पळायचा. त्याच्या प्रोग्रॅममध्ये 'पेशंट' होता आणि त्याचाच एक खास प्रकार 'लहान पेशंट'. तो तणतणत आला.

"खात्रीराव, लहान पोर पेशंट नसतं का हो? तुमची लायब्ररी नाही म्हणतेय."

"डावीकडे लहान पेशंट ठेवलास. मग उजवीकडेही लहानच हवा. उलटं लिही, चालेल."

"म्हणजे तुमच्या दारात आधी कुठल्या पायातली चप्पल काढायची तेही ठरलेलं!"

ऑफिसात रिवाज होता, की ज्याच्यामुळे सगळ्यांचं काम अडेल त्यानं दिवसभर कुरकुरणाऱ्या खुर्चीवर बसायचं. आता रोज कुणाची ना कुणाची टेस्ट लायब्ररीत अडे, त्यामुळे त्या खुर्चीसाठी रांग लागली. मग एका आठवड्यात ओरड अचानक थांबली. मॅनेजरबाई खूश झाल्या. उद्या मोठ्या साहेबांसमोर लायब्ररी दाखवायची, कंपनीभर लावायची, असं ठरलं.

घरी खात्रीरावांनी बायकोला बातमी दिली. ती भांडी पुसत म्हणाली, "भांडणारी माणसं एकदम गप्प? आपल्या इमारतीच्या मीटिंगमध्ये असं झालं, की मी समजते, कुणी तरी मागच्या दारानं काम उरकलंय."

"सवय झाली असेल त्यांना."

"अहो, तुम्हाला कुलपाचा भरवसा नाही आणि झटपटचा आहे?"

सकाळी खात्रीराव लवकर ऑफिसात गेले आणि सगळ्या टेस्ट उघडून बसले. मागचं दार सापडलं. जिथे लायब्ररी अडवत होती, तिथे मंडळींनी कंपायलरला दटावून ठेवलं होतं: 'ही काय वाटेल ती वस्तू आहे असं समज आणि गप्प बस.' झटपटनं सुरुवात केली, बाकीच्यांनी कित्ता गिरवला. पेशंटच्या नंबरांच्या टेस्टमध्येही तेच. डावीकडे आकडा, उजवीकडे मजकूर, आणि वर हिरवी खूण.

दिवस दिवस खपून लिहिलेलं, दुपारी टाळ्या मिळवणारं काम. खात्रीराव गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं.

मॅनेजरबाई आल्याबरोबर ते उठले. "लायब्ररी दाखवू नका. काढून टाकतोय."

"वेड लागलंय का तुम्हाला? सगळे खूश आहेत."

"खूश आहेत म्हणूनच." त्यांनी पडदा बाईंकडे वळवला. "मी इतकं आवळलं, की माणसं खोटं बोलायला लागली. पूर्वी चुकून व्हायचं, आता जाणूनबुजून होतंय."

बाईंनी पडद्यावरच्या ओळी वाचल्या. "साहेबांना काय सांगू?"

"माझं चुकलं, असं सांगा."

दुपारी टाळ्यांऐवजी साहेबांची बोलणी मिळाली. खात्रीरावांनी ती उभ्या उभ्या ऐकून घेतली. मग लायब्ररीचा बहुतेक कडकपणा स्वतःच्या हातानं खोडला. लहान पेशंट कुठल्याही बाजूला बसायला मोकळा झाला. नंबर तेवढा त्यांनी सोडला नाही. पेशंटच्या नंबराला आकडाही ठेवलं नाही आणि मजकूरही नाही. त्याचा स्वतंत्र प्रकार केला. तो आपल्यासारख्याशीच ताडला जाईल, दुसऱ्या कशाशी नाही. त्याला जेनेरिक लागलंच नाही. मागचं दार आजही होतं, पण तिकडे जायची कुणाला गरज पडू नये, एवढी वाट त्यांनी मोकळी करून दिली.

पुढच्या आठवड्यात झटपटच्या टेबलाकडून आवाज आला, "परत अडवलं! खात्रीराव, आता काय खुपलं तुम्हाला?"

खात्रीरावांचे कान तापले. ते वळले नाहीत. शिव्या जरा वेळ चालल्या, मग थांबल्या. कीबोर्ड बडवणंही थांबलं. थोड्या वेळानं झटपट स्वतःच येऊन उभा राहिला.

"पेशंटच्या नंबराच्या जागी मी रक्ताच्या नमुन्याचा नंबर घातला होता," तो हळूच म्हणाला. "रिपोर्ट भलत्याच माणसाला गेला असता."

"काढलास?"

"काढला. दटावून नव्हे हां, नीट दुरुस्त केला. बघता का येऊन?"

खात्रीराव खुर्चीवरून अर्धे उठले, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि परत बसले.

"नको," ते म्हणाले. "तू म्हणतोयस ना."