तरवडाची कुंडी

शेजारच्या मावशींचं घराणं विणकामासाठी तेलंगणातून नगरला आलं. त्या भांडतात अस्सल नगरी मराठीत. नवरात्रात मात्र ताटात फुलांचा डोंगर, म्हणजे बतुकम्मा, रचून त्याभोवती तेलुगू गाणी म्हणतात. त्याला तरवडाचं पिवळं फूल हवंच. सुनेनं झेंडू आणला तेव्हा म्हणाल्या, "ह्यो दाराला बांध."

माळावर प्लॉट पडले, तरवड गेला. मग मावशींनी तो कुंडीत लावला. शेळीही तोंड लावत नाही अशा झुडपाला रोज पाणी घालताना पाहून गल्ली हसली.

एक कुंडी माझ्या दारातही आली. "ताई, तुमच्याकडं ऊन लई हाय," म्हणाल्या.

आता पाणी घालताना मीही त्यांचं गाणं गुणगुणते. अर्थ ठाऊक नाही, पण चाल चुकली की भिंतीपलीकडून आवाज येतो, "पयल्यापासून म्हना!"