मागून येणारा रबराचा वास

पवईहून विक्रोळीला घरी येताना गाडीत रबर जळल्याचा वास आला, तो आधी मला आला. लेकीला नाही. ती पुढे बसून चालवते, मी मागे बसते. पुढची डावी जागा ह्यांची. हे जाऊन दुसरं वर्ष चालू आहे, तरी मला अजून तिथे बसवत नाही. लेक चिडते, "मी काय टॅक्सीवाली आहे का गं तुझी? पुढे ये ना." मी म्हणते, मागे गुडघा पसरता येतो. खरं कारण तिलाही ठाऊक आहे.

"बाहेरचा असेल, आई. कुणीतरी टायर जाळत असेल."

"रोज माझ्याच नाकाखाली जाळतात होय?"

पुढच्या आठवड्यात तिलाही वास आला. "वाट लागली. क्लच गेला वाटतं. मोठं काम निघालं ना, तर मी ही गाडी विकणार हां, आधीच सांगून ठेवते."

गाडी तिच्या कमाईची, मी कोण बोलणार? पण त्या गाडीला मागे डाव्या बाजूला एक पोचा आहे, तो ह्यांच्या कृपेने पडलेला. ह्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण लेक ती मागे घ्यायला लागली की हे हजर. मागे उभे राहून, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे..." आणि डिकीवर दोन थापा मारल्या की समजायचं, बस. एकदा शेजाऱ्याशी बोलण्यात रंगले आणि येऊ दे, येऊ दे करत गाडी थेट पाण्याच्या टाकीवर नेऊन आदळवली. वर लेकीलाच म्हणतात, "तुला आरशात दिसत नाही काय?" तो पोचा मी तिला अजून काढू दिलेला नाही. गाडी विकली, की नवा मालक पहिलं काम तेच करणार. मला दुसरं काही सुचेना, तेवढंच डोक्यात.

साकीनाक्याला ओळखीचं गॅरेज आहे. तिथल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. "बेल्ट झकास आहे." मग एकेका चाकाजवळ हात नेला. ब्रेक चिकटून राहिला की चाक तापतं म्हणे. एकही तापलेलं नव्हतं. मग लेकीला म्हणाला, "ताई, क्लचवर पाय ठेवून चालवता ना?" लेकीने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मीच चुगली केली! शेवटी तो स्वतः एक चक्कर मारून आला. "क्लच पण ठीक आहे. वास तर काहीच नाही, काकी."

"तू पुढे बसलास ना रे. मागे बस माझ्याशेजारी. वास मागून येतो."

मग लेकीने चालवली आणि तो मागे काच खाली करून नाक बाहेर काढून बसला. वळण आलं तसा ओरडला, "आला, काकी! आला!"

परत येऊन गाडी वर उचलली. खाली वाकला आणि हसतच सुटला. "दृष्ट लागू नये म्हणून बांधलीत, आणि सायलेन्सरने चप्पल खाल्ली की!"

बंपरखाली बांधलेल्या रबरी चपलेची सुतळी सैल झाली होती. वळलं की चप्पल झुलून तापलेल्या सायलेन्सरला चिकटायची. तिची टाच वितळून गेली होती.

ती मीच बांधली होती. दृष्टीसाठी जुनी चप्पल लावतात, असं लेकीला सांगितलं होतं. पण टाकीवर आपटलेल्या गाडीला दृष्ट लावणार कोण, सांगा! हे गेल्यावर कपडे दिले, चष्मा दिला, छत्रीसुद्धा दिली. चपला कुणी घेईना, आणि टाकायला माझा हात होईना. एक घरी रॅकमध्ये ठेवली, दुसरी इथे बांधली. मागे उभं राहायची त्यांची जागाच होती ना ती.

मेकॅनिकने ब्लेडने सुतळी कापली. "गाडीला काही झालेलं नाही, ताई. सायलेन्सर घासून देतो. थोडे दिवस वास येईल, मग जाईल." आणि चप्पल भंगाराच्या डब्यात टाकली.

"अरे, दे ती इकडे!" हे मी नाही, लेक ओरडली.

हातात घेऊन तिने उलटसुलट करून पाहिली. टाच गेली होती, पण पुढे अंगठ्याचा खळगा तसाच होता. तिने त्यात बोट घातलं.

"बाबांची? सांगायचं ना गं."

"तू हसली असतीस."

"हसलेच असते," ती म्हणाली, आणि नाक पुसलं.

मेकॅनिक बिचारा ओशाळला. "काकी, दुसऱ्या बाजूला तारेने बांधून देऊ का? तिकडे सायलेन्सर नाही."

मनात आलं, हो म्हणावं. मग म्हटलं, "नको रे. उरलीय तेवढी घरी राहू दे."

लेकीने ती पेपरात गुंडाळून पुढच्या डाव्या सीटवर ठेवली. मी मागेच बसले.

निघताना पाहतो तर गल्लीत समोर टेम्पो आडवा. गाडी मागे घ्यायला हवी होती. लेकीने गिअर टाकला आणि आरशात बघत तशीच थांबली. मी उतरले. मागे जाऊन उभी राहिले.

"येऊ दे," म्हटलं. मग जरा मोठ्याने, "येऊ दे... येऊ दे..." पोच्याशेजारी दोन थापा मारल्या. गाडी थांबली.

"आई, बस ना आता. किती वेळ उभी राहणार आहेस?"

"थांब जरा," मी म्हटलं. वास अजून येत होता.