मधली थांबायची जागा

तिसरीतल्या मुलींचे डोळे मीच लांब केले. आयलायनरची रेघ पापणीपासून थेट कानशिलापर्यंत. वर्गातला एसी बंद होता आणि स्वस्त पावडर, घाम आणि रुवी बाजारातल्या टेलरने शिवलेल्या चकचकीत झग्यांचा वास कोंडला होता. एकीने विचारलं, “दीदी, चायनीज लोक असेच दिसतात?” मी म्हटलं, “हलू नकोस.” बोटांना लागलेलं ते काळं आठवलं की अजून शिसारी येते.

शाळेच्या गॅदरिंगमधला तो नाच ‘चायना’चा होता. त्याचं संगीतही मीच दिलं होतं.

आखातातल्या या शहरात, अझैबा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक चिनी आंटी राहायच्या. सात तारांचं एक लांब, आडवं वाद्य वाजवायच्या. अकरावीत असताना दर शुक्रवारी मी त्यांच्याकडे जाऊन नुसती बसायचे. फार बोलावं लागत नसे, ते मला बरं वाटायचं. एकच धून त्या चार तऱ्हांनी वाजवून दाखवत. जुन्या कागदावर कुठली तार, कुठलं बोट एवढंच लिहिलेलं असतं. किती थांबायचं ते नाही. ते ज्याच्या त्याच्या गुरूचं. त्यांचे गुरुजी मध्ये एका जागी दीर्घ श्वासाएवढे थांबायचे. ते गेल्यावरही आंटी तिथे थांबत. ती तऱ्हा त्यांनी मला फोनवर रेकॉर्ड करू दिली. “फक्त तुझ्यासाठी,” म्हणाल्या.

गॅदरिंगसाठी म्युझिकच्या सरांना ‘काहीतरी चायनीज’ हवं होतं. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मी फोन पुढे केला. माझ्याकडचं काहीतरी कोणाला हवं होतं, एवढंच.

“अरे बेटा, इधर तो खाली है,” सर म्हणाले. “नो प्रॉब्लेम, भर देंगे.” आणि त्यांनी ढोलकी भरली. वर घंटा, आणि कीबोर्डमधलं मांजरासारखं काहीतरी.

आईने शेजारधर्म म्हणून आंटींनाही आणलं. मुली कंबरेत वाकत, तुरुतुरु चालत आल्या. हॉल हसला. आई आंटींच्या कानाशी लागली. मी विंगेतून पाहत होते. आंटींनी पूर्ण वेळ मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली होती.

आंटींना त्यांच्या दारापाशी सोडून खाली आल्यावर आई म्हणाली, “काय गो, एवढं छान झालं नि तुझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं?”

पुढच्या शुक्रवारी मी माफी पाठ करून वर गेले. आंटींनी चहा दिला आणि तीच धून धरली. थांबायची जागा आली. माझ्या डोक्यात लगेच ढोलकी वाजली. स्वतःचीच किळस आली. खोली शांत होती. वाटलं, हीच वेळ.

“आंटी, आय ॲम—”

डावा हात तारेवर तसाच ठेवून त्यांनी उजवा वर केला. “नॉट हिअर.”

मग पुढचा सूर लावला.

धून संपल्यावर बोलायला भरपूर वेळ होता. मी चहा संपवला, ‘थँक यू’ म्हटलं आणि खाली आले.