वेबसाइटच्या तळाशी पाहुणेमंडळी

सर्च इंजिनात ‘भूमचा खवा’ टाकलं आणि आमचं पान पहिल्या जागी दिसलं, तेव्हा मी शेजारच्या गावातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानातच उडी मारली होती. खव्याची भट्टी भूमला, माझ्या वहिनींची, वेबसाइट मी बनवलेली. पुण्या-हैदराबादहून खव्याला मागणी येऊ लागली. त्या भरवशावर वहिनींनी पहिल्या भट्टीशेजारी दुसरी बांधली.

पहिला नंबर आणला कसा, हे मात्र मी कुणाला सांगत नव्हतो. एका वेबसाइटवर दुसरीची लिंक असली की सर्च इंजिन ती शिफारस समजतं. झालं! आपल्याकडं लग्नपत्रिकेच्या तळाशी चुलत्यांपासून मित्रमंडळापर्यंत सगळ्यांची नावं लागतात, एक राहिलं तरी रुसवा. मी खव्याच्या पानाखाली तशीच रांग लावली. मावसाजींचं बोअरवेल, येडशीच्या साडूचा मंडप, जळकोटच्या आतेभावाच्या शेळ्या. त्या सगळ्या वेबसाइटी मीच बनवलेल्या, मग तिथंही आमच्या खव्याची लिंक टाकली. वर त्यांच्या पाहुण्यांच्याही लिंका लावून त्यांचा मान राखला. मला तर लई हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

दिवाळीच्या तोंडावर सर्च इंजिनानं लिंक स्पॅम, म्हणजे नंबर वाढवायला लावलेल्या खोट्या लिंका पकडणारं अपडेट आणलं. आठवड्याभरात आमचं पान पहिल्यावरून कुठल्या कुठं घसरलं आणि फोन वाजायचे थांबले.

“ओ भावजी, आपलं खव्याचं दुकान दिसंना की. मागणी आली न्हाय तर सगळा खवा व्यापाऱ्यालाच घालावा लागंल. त्यो म्हणंल त्यो भाव,” वहिनी फोनवर म्हणाल्या. नवी भट्टी त्यांनी अजून एकदाही पेटवली नव्हती.

माझा संताप झाला. आमचे पाहुणे म्हणजे स्पॅम? पण शांतपणे वाचल्यावर कळलं, की असल्या देवाणघेवाणीच्या लिंका सर्च इंजिनानं मोजायच्याच सोडल्या होत्या. त्या काढून टाकल्या तरी गेलेली जागा परत मिळणार नव्हती, कारण ती आम्ही कमावलेलीच नव्हती. हे फार झोंबलं. तरी मी सगळी रांग पुसली.

लगेच मावसाजींचा फोन. “आमचं नाव कापलं व्हय? येत न्हाय आता तुमच्या दारात!”

भट्टीवर जाऊन हे सांगितलं, तर वहिनी पोट धरून हसल्या. “खव्याच्या पानावर बोअर कशाला पाडला होता ओ? त्यापेक्षा चांगला खवा वळखायचा कसा, ते लिवा की.”

मग मी कढईशेजारी पाटावर बसलो. त्या दूध ढवळत सांगत होत्या, मी टाइप करत होतो. तळहातावर चोळला की तूप सुटलं पाहिजे, वास दुधाचाच आला पाहिजे, आंबटपणा लागला तर घेऊ नका. मध्येच माझं काही चुकलं की उलथण्यानंच दाखवत होत्या. ते सगळं मी फोटोंसह पानावर टाकलं.

पुढं बरेच दिवस काहीच हललं नाही. मी फोन उघडून उघडून बघत होतो, घरचे वैतागले. आणि एका सकाळी आमचं पान दिसलं, सर्चच्या पहिल्याच पानावर, चौथ्या जागी! हे कुणामुळं झालं, ते मी लगेच शोधायला बसलो. शोधलं तर हैदराबादच्या एका मिठाई शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या वेबसाइटवर ‘खवा घेण्याआधी हे वाचा’ म्हणून आमची लिंक दिलेली. पुण्याच्या एका आचाऱ्यानंही. आणखी तिघांनी. एकालाही आम्ही विचारलेलं नव्हतं!

फोनवर सांगणं जमेना म्हणून सरळ भूमची एसटी पकडली. स्टँडवर उतरून पळतच भट्टी गाठली आणि धापा टाकत वहिनींना पाचही नावं वाचून दाखवली. तेवढ्यात वहिनींचा फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा मागणी.

वहिनींनी हात पुसले. “ह्यातलं आपल्या पाव्हण्यातलं कोन हाय?”

“कुणीच न्हाय.”

“मंग खरं,” असं म्हणून त्यांनी काडी ओढली आणि नव्या भट्टीत टाकली.