जबडा नेमका कुठे मिटतो

"तुमचा जबडा दोन ठिकाणी मिटतो," वारज्याच्या दंततज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, आणखी एक आजार निघाला.

माझे खालचे पुढचे दात वरच्यांच्या बाहेर बसतात. तरुणपणी चाललं. पंचेचाळिशीनंतर ते झिजले, हलू लागले. आधीच्या दवाखान्यात जबडा कापून मागे घ्यायचं ऑपरेशन सुचवलं, म्हणून मी दुसरं मत घ्यायला आले होते.

मॅडमनी समजावलं. सेंट्रिक ऑक्लुजन म्हणजे सवयीने तोंड मिटल्यावर दात एकमेकांत बसतात ती जागा. सेंट्रिक रिलेशन म्हणजे कानापुढचा सांधा खोबणीत नीट बसलेला असतो ती जागा. बहुतेकांच्या बाबतीत दोन्हींत किरकोळ फरक असतो. माझी हनुवटी धरून त्यांनी जबडा हलकेच मिटवला, तर पुढचे दात टोकाला टोक टेकले. तिथून मी तो पुढे सरकवत होते, आणि आधीच्या दवाखान्यातली मापं त्या सरकलेल्या जागेची होती.

"ऑपरेशन नकोच, असं आत्ता म्हणत नाही. आधी स्नायू सैल होऊ देत."

त्यासाठी स्प्लिंट दिला. ही दातांवर बसणारी गुळगुळीत, कडक पट्टी. जेवताना सोडून सतत घालायची.

काही आठवड्यांनी दोन-तीनदा माप घेतलं, तर दर वेळी वेगळं.

"पट्टी काढता का?"

"छे."

त्यांनी मापाचा मेणाचा ठसा माझ्यापुढे धरला.

"फक्त दुकानात," मी कबूल केलं.

मार्केट यार्डात आमचा धान्याचा गाळा आहे. गव्हाची ओल पुढच्या दातांनी दाणा फोडून बघायची, ही आमची पद्धत. त्यासाठी पट्टी काढून जबडा पुढे सरकवावा लागतो, म्हणजे जुनी सवय परत.

मॅडमनी तो चुकीच्या मापाचा ठसा कचऱ्यात टाकला. "ओल बघायला यंत्र मिळतं, बाई. जबडा मिळत नाही."

दुकानात दिरांना सांगितलं.

"फोडतो मी दाणे, वहिनी. पण माल ओला निघाला तर तुमच्या दातांना बोलणार."

"बोला. ते सध्या रजेवर आहेत."

पुढच्या खेपेला मापं जुळली. दोन्ही जागांचे साचे शेजारी ठेवल्यावर मलाही दिसलं, की जबड्याचा खरा दोष बराच कमी होता. ऑपरेशन टळलं, तारा लागल्या.

सगळ्यांचं असं होत नाही. काहींच्या तपासणीत उलट, साधं वाटलेलं काम मोठं निघतं. तरी मोठ्या वयात तारा किंवा ऑपरेशन ठरत असेल, तर माप कोणत्या जागेवर घेतलं, हे विचारा. आणि सांगितलेली पट्टी घाला.

त्या चुकीच्या मापावर मॅडम पुढे गेल्या असत्या, तर मला कळलंही नसतं. त्या थांबल्या, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.