कोबुर्गकरांच्या अटी

चहा घेता का, असं विचारलं तरी कोबुर्गकर आधी अटी सांगायचे. ‘‘आल्झो, तर मग, साखर नको, आलं हवं आणि बिस्किटांचा आग्रह नको.’’ जर्मनीतल्या आमच्या गेर्लिंगेनच्या इमारतीत वरच्या मजल्यावर हे ऐंशीच्या घरातले जर्मन गृहस्थ एकटेच राहत. मूळ गाव कोबुर्ग, म्हणून आम्ही त्यांना सातारकर, नगरकर यांच्या पंगतीला बसवून कोबुर्गकर करून टाकलं. अर्थ सांगितल्यावर स्वारी खूश झाली. आडनावात गाव राहतं, हे त्यांना फार पटलं.

पहिल्या महायुद्धानंतर ड्यूक पायउतार झाला आणि त्यांचं एवढंसं कोबुर्ग थोडा काळ स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. ही कथा ते जिन्यात भेटले तरी ऐकवत. गावाचं एकट्यानं निभणार नव्हतं. लोकांनी मतदान करून शेजारच्या थुरिंगिया राज्याला नकार दिला आणि मग गाव बव्हेरियात गेलं. पण उगाच नाही. ‘‘आमचं नाटकगृह तुम्ही सांभाळायचं, हे आधी कबूल करून घेतलं. राज्य गेलं, नाटकं चालू आहेत.’’ जणू वाटाघाटींना हे स्वतः बसले होते.

गणपतीच्या जेवणाला यायचं तर त्यांच्या हातचे बटाट्याचे क्लोसे, म्हणजे उकडलेले गोळे, पानात वाढायचे, ही अट. वाढले. मग उकडीचा मोदक फोडून म्हणाले, ‘‘गेनाऊ, अगदी बरोबर, हाही क्लोसाच. आमच्या पोटात तळलेला पाव, तुमच्या पोटात गूळ-खोबरं.’’ सहा खाल्ले.

गेल्या वर्षी ते घरात पडले. हॅनोव्हरची मुलगी धावत आली आणि आता माझ्याकडेच चल म्हणून हटून बसली. बोलणी आमच्या स्वयंपाकघरात झाली. कोबुर्गकरांनी सुरुवात केली: दाराला त्यांच्या नावाची वेगळी बेल, रविवारचा स्वयंपाक त्यांचा, औषधांची आठवण कुणी करायची नाही. मुलगी प्रत्येक अटीला ‘हो, हो’ म्हणत गेली. त्यांना जायचंच नव्हतं, म्हणून ते आणखी अटी शोधत होते, हे मला दिसत होतं.

शेवटी ती म्हणाली, ‘‘बाबा, माझीही एकच अट आहे. रात्री खोली आतून बंद करायची नाही. मला येऊन बघता आलं पाहिजे.’’

‘‘कोबुर्गला बव्हेरिया असं कधी म्हणालं नव्हतं,’’ कोबुर्गकर म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली.

पुढच्याच महिन्यात ते हॅनोव्हरला राहायला गेले. वर आता एक तरुण जोडपं राहतं. माणसं गुणी आहेत, कशालाही लगेच हो म्हणतात. मला मेलीला मात्र करमत नाही.