न घेतलेला प्याला

ताईच्या लग्नाची नावं मंडळीत पहिल्यांदा पुकारली गेली, त्याच रविवारी तिच्या होणाऱ्या नवऱ्याने प्रभुभोजन घेतलं नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही तेव्हा मुलुंडला राहत होतो, आणि आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत इतकी घरं नव्हती की अशी गोष्ट कोणाच्या नजरेतून सुटावी.

आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे. सगळे उठून पुढे जायचे, गुडघे टेकायचे, भाकरीचा तुकडा घ्यायचे आणि एकाच प्याल्यातून एकेक घोट. त्याआधी पाळकसाहेब दर वेळी बजावायचे, मनात कोणाविषयी अढी असेल, पाप लपवलेलं असेल, तर आज प्याला घेऊ नका. हे सगळे ऐकायचे आणि सगळे उठायचे. इतक्या वर्षांत कोणी बसून राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. आमच्या मंडळीत अढी नसलेल्या माणसांचा सुकाळ होता, असं मात्र मुळीच नव्हे.

हा मुलगा उपासनेत पेटी वाजवायचा. भांडुपच्या एका कारखान्यात कामाला होता. त्या दिवशी सगळे पुढे जाऊन आले, अगदी शेवटी त्याची पाळी आली, आणि तो मान खाली घालून पेटीपाशीच बसून राहिला. पाळकसाहेब प्याला हातात धरून थोडा वेळ थांबले, मग त्यांनी तो झाकून ठेवला.

बाहेर पडताना एकमेकांना सलाम करता करताच बायकांनी निकाल लावून टाकला. "नक्की काहीतरी भानगड असणार गं, उगाच कोण बसेल?" एकीने गावाकडे त्याची दुसरी कोणी असेल असं म्हटलं. आम्ही घरी पोचेपर्यंत त्या दुसरीला मूलही झालेलं होतं. मला त्या बायकांचा असा राग आला होता की चपला पायातून काढल्या त्या भिरकावूनच दिल्या.

बाबा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते आणि मंडळीचे पंच. "उद्याच जाऊन मोडून येतो," ते म्हणाले. "मुलाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय म्हणायचं हे!" आई नुसती रडत होती. ताई भाजी निवडत बसली होती, ती तेवढी शांत होती. ती म्हणाली, "त्यांनी प्याला घेतला नाही, म्हणजे त्यांना त्याची किंमत आहे, बाबा. ज्याला किंमत नसते तो पिऊन मोकळा होतो."

संध्याकाळी पाळकसाहेब स्वतः आले. "पंच, पुढच्या दोन रविवारी नावं पुकारायचं तूर्त थांबवू," ते म्हणाले. "पण मोडू नका. पुढच्या प्रभुभोजनापर्यंत आपण सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करू."

"प्रार्थना करून आपल्याला काय कळणार आहे?" बाबा तडकलेच.

"कळेलच असं नाही. पण तोवर आपलं तोंड तरी बंद राहील."

ते दिवस ताईने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. रविवारी तो पेटी वाजवायचा, ही गायची, आणि दोघं एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत. मी तिला म्हटलं, "विचार ना एकदाचं! तोंडाला कुलूप कशाला?" ती म्हणाली, "बोलण्यासारखं असतं तर ते मला आधीच बोलले असते. मला लागेल असं काहीतरी असणार." रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. तिने त्या मुलात जीव गुंतवला होता, हे मला त्या पाठमोऱ्या झोपण्यावरून कळलं.

बाबा रोज जेवणाआधी प्रार्थना करायचे. सुरुवातीला ती प्रार्थना म्हणजे त्या मुलाची देवाकडे केलेली तक्रारच असे. आमची भाकरी गार होऊन जायची. एके दिवशी ते मध्येच थांबले. आम्हाला वाटलं शब्द आठवत नसतील. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "अढी आपल्याविषयीच असेल तर?" जेवण तसंच ठेवून बसले. मग म्हणाले, "शास्त्रात सांगितलंय, भावाच्या मनात आपल्याविषयी काही असलं तर आपण उठून जायचं असतं. रविवारी आपण त्याच्याकडे जाऊ. मोडायला नाही, विचारायला."

मला बरोबर नेलं. भांडुपला चाळीतल्या एका खोलीत तो आणि त्याची आई राहायचे. नवरा गेल्यावर त्या माउलीने मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करून मुलाला शिकवलं होतं. आम्हाला बघून तिला काय करू नि काय नको झालं. ती दूध आणायला खाली गेली, तेव्हा बाबांनी सरळच विचारलं, "आमचं काही चुकलं का?"

त्याने आधी दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाला, "लग्न ठरवायला तुमच्याकडे बसलो, त्या बैठकीच्या दिवशी पाळकसाहेबांसकट सगळ्यांना कपबशीतून चहा दिलात. माझ्या आईला जर्मनच्या पेल्यातून. तसला पेला मला माहीत आहे. बऱ्याच घरांत असतो, मोरीजवळ, वेगळा ठेवलेला. माझ्या आईने जन्मभर त्यातूनच चहा घेतलाय. इथेही तोच असेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही पुढे गुडघे टेकलेले दिसलात, आणि मला तुमच्या प्याल्यातून घोट घेववेना."

बाबांनी मोठाच सुटकेचा निःश्वास टाकला. "अरे देवा, कप कमी पडले होते रे! शेजारून आणलेल्यातला एक फुटला होता. आमच्यात जात नाही रे. ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या."

मुलाचा चेहरा उतरला. "मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "मी मनात धरून बसलो. तिला किती त्रास झाला असेल."

तेवढ्यात त्याची आई दूध घेऊन आली. काय चाललंय ते कळल्यावर ती हसायलाच लागली. "येवढ्यावरून व्हय रे? मला तर लई बरं वाटलं होतं. आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं. पेल्याचं काय घेऊन बसलास!"

बाबांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. मघाची सुटका त्यावर राहिली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "देवाशप्पथ, कप कमी होता हो."

"होता. पण तो कमी पडला तेव्हा पेला त्यांनाच का दिलास?"

"मग काय पाळकसाहेबांना देणार होते?"

"तू घ्यायचास. मला द्यायचास."

आईची नजर मोरीकडे गेली. तिथल्या फळीवर तो अ‍ॅल्युमिनियमचा पेला होता. संडास साफ करणाऱ्या बाईला आम्ही त्यातूनच पाणी द्यायचो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. "माझ्या मनात काही नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "हात गेला तसा दिला."

"मनात काही नसताना हात तिकडे गेला," बाबा म्हणाले. "मीही समोरच बसलो होतो की. मलाही त्यात काही वेगळं दिसलं नाही. आणि त्याच मुलाला पापी ठरवून मी आठवडेच्या आठवडे देवाला गाऱ्हाणी सांगत होतो!" असं म्हणून ते तोंड फिरवून रडले. बाबांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला फार भीती वाटली.

पुढच्या प्रभुभोजनाला मुलाची आईही आली होती. पाळकसाहेबांनी नेहमीसारखं बजावलं. मंडळी उठली. मुलगाही पेटी सोडून उठला, ताईने ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. बाबा आणि आई मात्र बसून राहिले. भांडुपला जाऊन क्षमा मागायचा आईला धीर झाला नव्हता, आणि तिच्यावाचून बाबा उठायला तयार नव्हते. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झालीच. या खेपेला ती आमच्याविषयी होती, आणि बायकांचा संशय अगदीच खोटा नव्हता.

मुलाची आई पुढे चालली होती. आईला बसलेलं बघून ती परत फिरली आणि तिने आईचा दंड धरला. "उठा विहीणबाई. गुडघं दुखत्यात का? माझ्या खांद्याला धरा."

आई तिथेच, सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्हाला मी त्या पेल्यातून चहा दिला. तो मोरीजवळचा होता. मला क्षमा करा."

त्या बाईला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे त्या क्षणी तिच्या तोंडावर आम्हाला सगळ्यांना दिसलं. ती आता हसली नाही. तिने आईचा दंड सोडलाही नाही.

"चला आधी," ती म्हणाली. "लोकं थांबल्यात."